जुन्या मॅन्युअल टेलिफोटो लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर: माउंटपासून फोकसपर्यंत

गेल्या शतकाच्या साठ ते ऐंशीच्या दशकांत तयार झालेल्या १३५, २०० किंवा ३०० मिमीच्या मॅन्युअल टेलिफोटो (दूरचे जवळ आणणाऱ्या) लेन्स आजही मोठ्या संख्येने चालू स्थितीत सापडतात, कारण त्यांत जळून जाईल असे सर्किटच नसते. काच, धातू, थोडे ग्रीस आणि बारीक आटे यांवर त्यांचे सगळे काम चालते. अशी लेन्स आजच्या कॅमेऱ्याला जोडून पहिल्या दिवशी काढलेली छायाचित्रे मात्र बहुतेकांची निराशा करतात. चित्र मऊ दिसते, रंग फिके वाटतात आणि दोष जुन्या काचेवर ढकलला जातो. अनेक वर्षे या लेन्स वापरल्यावर माझे ठाम मत झाले आहे की त्या मऊपणामागे बहुधा चुकलेला फोकस, हललेला कॅमेरा किंवा लेन्सच्या आत पसरलेला भरकटलेला प्रकाश असतो. काचेचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून पुढील मांडणीत सर्वांत जास्त जागा फोकसला दिली आहे.

जुन्या लेन्सपासून सुरुवात करायची असेल तर टेलिफोटो हीच सर्वांत सोयीची. जुन्या वाइड लेन्समधून येणारे किरण सेन्सरच्या कोपऱ्यांवर फार तिरके पडतात आणि तिथे चित्र बिघडते, कारण फिल्म तिरके किरण सहज पेलत असे, सेन्सरला ते तितके जमत नाही. टेलिफोटोचे किरण जवळजवळ सरळ येतात, त्यामुळे ही अडचण सहसा उद्भवत नाही.

माउंट आणि अंतराचा हिशेब

लेन्स घेण्याआधी एकच आकडा तपासावा लागतो, तो म्हणजे माउंटच्या (कॅमेरा आणि लेन्स जोडणाऱ्या कडीच्या) कडेपासून फिल्मच्या किंवा सेन्सरच्या प्रतलापर्यंतचे अंतर, ज्याला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्सचे हे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल तर उरलेला फरक मधे बसवलेल्या जोडकडीच्या म्हणजे अ‍ॅडॅप्टरच्या जाडीने भरून निघतो आणि अनंतापर्यंत फोकस मिळतो. ते कमी असेल तर मधे काच घातल्याशिवाय दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही. प्रमुख जुन्या माउंटचे आकडे असे आहेत: कॅनन एफडी ४२ मिमी, मिनोल्टा एसआर ४३.५ मिमी, आट्यांचा एम४२ आणि पेंटॅक्स के हे दोन्ही ४५.४६ मिमी, ऑलिंपस ओएम ४६ मिमी, निकॉन एफ ४६.५ मिमी. आजच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत निकॉन झेडचे अंतर १६ मिमी, सोनी ई चे १८ मिमी, तर कॅनन आरएफ आणि एल माउंटचे २० मिमी आहे. म्हणजे एम४२ लेन्स सोनीला लावायची तर अ‍ॅडॅप्टरची जाडी २७.४६ मिमी हवी. यावरून लक्षात येईल की मिररलेस कॅमेऱ्याला जवळपास कोणतीही जुनी एसएलआर लेन्स लावता येते.

डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) असेल तर मात्र जपून निवड करावी लागते. कॅननच्या ईएफ माउंटचे अंतर ४४ मिमी असल्याने त्यावर एम४२, ऑलिंपस ओएम आणि निकॉन एफ लेन्स पातळ अ‍ॅडॅप्टरने व्यवस्थित बसतात. गंमत अशी की कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स त्यावर काचेच्या अ‍ॅडॅप्टरशिवाय अनंतापर्यंत फोकस करू शकत नाहीत. निकॉनच्या डीएसएलआरचे अंतर इतके मोठे आहे की एम४२ लेन्सलाही काचेचा अ‍ॅडॅप्टर लागतो, आणि ती स्वस्त काच चित्राची धार घालवते. म्हणून निकॉन डीएसएलआरवाल्यांनी सरळ निकॉनच्याच जुन्या लेन्स शोधाव्यात, असे मी सुचवेन. त्यातही एक पथ्य आहे. १९७७ साली एआय पद्धत (लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, किती ठेवले आहे ते कॅमेऱ्याला कळवणारी) येण्यापूर्वीच्या, बदल न केलेल्या लेन्स काही कॅमेऱ्यांच्या माउंटवरील छोट्या खटक्यावर दाब देऊन तो मोडू शकतात. तेव्हा अ‍ॅपर्चर रिंगच्या मागच्या कडेला एआयचा खाचेचा भाग आहे की नाही, हे बसवण्याआधी पाहावे. पेंटॅक्स डीएसएलआरला एम४२ लेन्स उत्तम जुळतात, कारण दोन्हींचे अंतर एकच आहे आणि अ‍ॅडॅप्टरची बारीक रिंग माउंटच्या आतच बसते.

आणखी एक फसवी जोडी म्हणजे एम४२ आणि टी२. दोन्हींचा व्यास ४२ मिमीच, परंतु एम४२ च्या आट्यांची चाल १ मिमी असते आणि टी२ ची ०.७५ मिमी. ४०० आणि ५०० मिमीच्या अनेक जुन्या लेन्स टी२ च्या असतात. चुकीची जोडी सुरुवातीला पाव किंवा अर्धा फेरा छान फिरते आणि मग अडते. तिथे जोर लावला की आटे कायमचे खराब झाले असे समजावे. शिवाय टी२ चे फ्लँज अंतर ५५ मिमी असल्याने आटे जुळले तरी फोकसचा हिशेब चुकतोच.

अ‍ॅडॅप्टर घेताना त्याच्या बारीक गोष्टी पाहाव्यात. जुन्या एम४२ ऑटो लेन्सच्या (शटर दाबताना छिद्र आपोआप मिटणाऱ्या) मागे एक छोटी पिन असते. ती दाबली गेली तरच अ‍ॅपर्चरची पाती मिटतात. लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका नसेल तर आतून कडा असलेला, पिन दाबून ठेवणारा अ‍ॅडॅप्टर घ्यावा, नाहीतर अ‍ॅपर्चर कायम पूर्ण उघडेच राहील. एफडीच्या अ‍ॅडॅप्टरवर याच कामासाठी फिरवायची रिंग असते आणि लेन्स बसवल्यावर ती योग्य बाजूला सरकवायला विसरू नये. लेन्स बसवून हळूच फिरवून पाहावी. त्यात डुगडुग जाणवली तर तो अ‍ॅडॅप्टर टेलिफोटोसाठी निरुपयोगी आहे. अनेक अ‍ॅडॅप्टर ठरलेल्या मापापेक्षा किंचित पातळ ठेवलेले असतात, त्यामुळे अनंताच्या खुणेच्या थोडे आधीच दूरचे दृश्य स्पष्ट होते. त्यात बिघडत काहीच नाही, मात्र अंतराच्या खुणांवर विसंबून फोकस लावता येत नाही.

लेन्स पारखताना

विजेरी किंवा मोबाइलचा दिवा घ्यावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, दिवा लेन्सच्या मागे थोडा तिरका धरावा आणि समोरून डोळा हळूहळू कलता करत आत पाहावे. पहिल्यांदा हे केले तेव्हा मी घाबरलो होतो, कारण धुळीचा प्रत्येक कण चांदणीसारखा चमकतो. ही धूळ निरुपद्रवी असते, ती सोडून द्यावी. शोधायच्या गोष्टी तीन आहेत. कोळ्याच्या जाळ्यासारखे, कडेकडून मध्याकडे पसरणारे धागे म्हणजे बुरशी. ती काचेवरचा लेप खाते. दुधासारखा एकसारखा पडदा म्हणजे आतल्या काचांवर बसलेला धूसरपणा. त्याने चित्राचा कॉन्ट्रास्ट पार जातो. आणि काचेच्या कडेला इंद्रधनुषी किंवा बुडबुड्यांसारखा डाग दिसला तर चिकटवलेल्या दोन काचा सुटत आहेत, ज्याची दुरुस्ती सहसा परवडत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चित्रात जवळपास दिसत नाही, मागच्या काचेवरचा मात्र जास्त त्रास देतो.

त्यानंतर फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. जुने ग्रीस सुकले असेल तर ती जड लागते, आणि जड रिंग फिरवताना दृश्यच हलते, हा टेलिफोटोवरचा मोठा जाच आहे. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तर ऑटो लेन्समध्ये पाती अडकू शकतात; प्रीसेट लेन्समध्ये पाती रिंगनेच थेट हलत असल्याने तेवढ्याने काम अडत नाही.

पहिली लेन्स १३५ मिमीची असावी, असे माझे मत आहे. त्या काळी जवळजवळ प्रत्येक कंपनी १३५ मिमीची लेन्स करत असे, त्यामुळे निवडीला वाव आहे, वजन आवाक्यात राहते आणि हातात धरून सराव करता येतो. टाकुमार १३५ मिमी एफ/३.५, बारा पात्यांची ज्युपिटर-३७ए आणि वीस पात्यांची टायर-११ए या ओळखीच्या लेन्स आहेत. पाती जास्त म्हणजे अ‍ॅपर्चर मिटवल्यावरही छिद्र गोल राहते आणि पार्श्वभूमीतले प्रकाशबिंदू कोनदार होत नाहीत.

कॅमेऱ्याची तयारी

कॅमेऱ्याला ही लेन्स दिसतच नाही, त्यामुळे काही मिररलेस कॅमेरे शटरच दाबू देत नाहीत. मेनूमध्ये लेन्स नसतानाही शटर चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो आधी सुरू करावा. दुसरे, सेन्सर हलवून स्थिरता देणारी यंत्रणा असेल तर तिला फोकल लांबी हाताने सांगावी लागते. तिथे लेन्सवर छापलेला आकडाच भरावा. २०० मिमीची लेन्स एपीएस-सी (जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० मिमीइतके दृश्य दाखवत असली तरी मेनूत २०० च लिहायचे. लेन्स बदलली की हा आकडा बदलायला हवा; १३५ वर ५० चा आकडा राहून गेला तर स्थिरता अपुरी पडते, आणि उलट झाले तर यंत्रणाच चित्र हलवते.

एक्स्पोजरसाठी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल मोड ठेवावा. आपोआप आयएसओ वापरणार असाल तर किमान शटर स्पीड स्वतः ठरवून द्यावा, कारण कॅमेऱ्याला फोकल लांबी ठाऊक नसते. दृश्य मोठे करून पाहण्याची सोय अंगठ्याखाली येईल अशा बटणावर नेमावी. पुढचे सगळे याच बटणावर अवलंबून आहे.

फोकस

आधी हिशेब पाहू. २०० मिमी, एफ/४, विषय १० मीटरवर आणि फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीइतका) सेन्सर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली सुमारे ६० सेंटीमीटर असते. विषय ५ मीटरवर आला की ती सुमारे १५ सेंटीमीटरवर येते. ही खोली पुरेशी वाटेल, परंतु ती लहान छपाईच्या जुन्या मापाने काढलेली आहे. चित्र पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहिले की खरी धारदार पट्टी त्याहून कितीतरी अरुंद असते. याच कारणाने ‘जवळपास फोकस झाला’ ही स्थिती टेलिफोटोमध्ये चालत नाही.

फोकस पीकिंग, म्हणजे धारदार कडांवर रंग दाखवण्याची सोय, उपयोगी आहे, पण ती कॉन्ट्रास्ट ओळखते, फोकस ओळखत नाही. पाण्याच्या कडेला उभ्या बगळ्याच्या पांढऱ्या पिसांची कड गडद पाण्यावर इतकी उठून दिसते की फोकस दहा सेंटीमीटर मागे असतानाही ती लाल रंगाने भरून जाते. म्हणून पीकिंगची पातळी कमी ठेवावी आणि तिचा वापर फक्त जवळ पोहोचण्यासाठी करावा. पडद्यावरचे दृश्य कृष्णधवल करून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल काढली तर पीकिंगचा रंग ठळक दिसतो आणि मूळ रंगही शाबूत राहतात.

शेवटचा निर्णय मोठ्या केलेल्या दृश्यावर घ्यावा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे, डोळा किंवा विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग पाच ते दहा पट मोठा करावा, रिंग फिरवत तो भाग स्पष्ट होऊ द्यावा आणि तिथे न थांबता आणखी थोडे पुढे जाऊन तो पुन्हा धूसर होऊ द्यावा. मग तितकेच मागे यावे. दोन्ही बाजूंचा धूसरपणा पाहिल्याशिवाय मधला बिंदू नेमका कुठे आहे हे डोळ्याला कळत नाही. जुन्या रिंगचा फेरा बऱ्याचदा अर्ध्या वर्तुळाहून मोठा असतो, आणि तो लांब फेरा इथे वरदान ठरतो, कारण बोटाच्या अगदी बारीक हालचालीनेही सावकाश बदल घडतो. फिरवण्याची दिशा मात्र कंपनीनुसार बदलते. निकॉनची रिंग कॅननच्या उलट दिशेला फिरते, म्हणून दोन्ही वापरणाऱ्यांनी शक्यतो एका दिवशी एकच लेन्स बाहेर न्यावी.

फोकस झाला की अ‍ॅपर्चर हवे तेवढे मिटवायचे असते. साध्या रिंगवर टकटक असे थांबे मोजत डोळा न हलवता हे करता येते. प्रीसेट लेन्समध्ये तर याची सुंदर सोय आहे: एका रिंगने एफ/५.६ अशी मर्यादा आधीच ठरवून ठेवायची आणि दुसरी रिंग विनाथांबा पूर्ण उघड्यापासून त्या मर्यादेपर्यंत फिरते आणि तिथेच अडते. फोकस उघड्यावर लावायचा, रिंग अडेपर्यंत वळवायची आणि शटर दाबायचे. माझ्या हाताला हे तीन टप्पे आता एका श्वासात जमतात, आणि म्हणूनच दिसायला जुनाट असलेल्या प्रीसेट लेन्स मी आवर्जून वापरतो.

फोकस लावणे आणि शटर दाबणे यांच्यामध्ये शरीर पुढे-मागे डोलते, तेही जमेस धरावे. जवळच्या विषयासाठी रिंग स्थिर ठेवून स्वतः किंचित पुढे झुकत तीन-चार चित्रे सलग काढली तर त्यांतले एक बहुधा नेमके लागते. उडणाऱ्या पक्ष्याचा किंवा धावणाऱ्या खेळाडूचा रिंगने पाठलाग करण्यात शक्ती घालवू नये. तो जिथून जाणार आहे त्या जागेवर, एखाद्या फांदीवर किंवा मैदानावरच्या रेषेवर, आधीच फोकस लावून ठेवावा आणि विषय तिथे पोहोचण्याच्या किंचित आधी सलग चित्रे सुरू करावीत.

हालचाल रोखणे

हातात धरून काढताना शटर स्पीड निदान फोकल लांबीच्या व्यस्त असावा हा जुना नियम क्रॉप (लहान सेन्सरमुळे अरुंद होणारे दृश्य) लक्षात घेऊन पाळावा: २०० मिमी एपीएस-सी वर असेल तर १/३०० च्या पुढे, म्हणजे १/३२० सेकंद. आजचे सेन्सर इतके बारकावे टिपतात की मी त्याच्या दुप्पट वेग धरतो आणि आयएसओ वाढवायला कचरत नाही, कारण दाणेदार पण धारदार चित्र पुढे सुधारता येते. हललेले सुधारत नाही. डावा तळहात फोकस रिंगखाली असावा, कोपरे छातीला टेकलेली असावीत.

३०० मिमी आणि त्यापुढच्या जड लेन्सना ट्रायपॉडची कडी असेल तर ट्रायपॉड तिलाच जोडावा. जड लेन्स अ‍ॅडॅप्टरवर लोंबकळती ठेवली तर अ‍ॅडॅप्टर वाकतो आणि सेन्सरशी लेन्सचा कोन बिघडतो. ट्रायपॉडवर स्थिरता यंत्रणा बंद करावी, शटरचा पहिला पडदा मेनूतून इलेक्ट्रॉनिक ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून दूरचे चित्र काढताना हवा थरथरते आणि कोणतीही लेन्स मऊ दिसते. अशा वेळी लेन्सची परीक्षा घेऊ नये.

भरकटलेला प्रकाश आणि काचेचे स्वभाव

जुन्या लेन्सवरचे लेप आजच्यापेक्षा साधे आहेत. शिवाय सेन्सरचा पृष्ठभाग फिल्मपेक्षा जास्त चकाकतो आणि प्रकाश परत मागच्या काचेवर फेकतो. फिकट चित्राचे कारण बहुधा इथेच असते. पुरेसे खोल हूड लावणे हा पहिला उपाय. अनेक जुन्या टेलिफोटोंना सरकवून बाहेर काढायचे हूड जोडलेलेच असते, पण ते बहुधा तोकडे पडते. दुसरा उपाय अ‍ॅडॅप्टरच्या आत आहे. समोर उजेड धरून त्यात मागून पाहिले तर आतली भिंत काळी असूनही आरशासारखी चमकताना दिसते. तिच्यावर काळा मखमली चिकट कागद मापाने कापून लावला की सावल्यांमधला काळेपणा परत येतो. मी केलेल्या सुधारणांपैकी सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत ठळक फरक दाखवणारी हीच. कागद लावल्यावर त्याचे सुटे तंतू फुंकून काढावेत, नाहीतर ते सेन्सरवर जाऊन बसतील. सूर्य थेट चौकटीत घेऊन टेलिफोटो रोखू नये. डीएसएलआरच्या काचेतून डोळ्याला आणि मिररलेसमध्ये शटरच्या पडद्याला व सेन्सरला इजा होऊ शकते.

पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला उजळ कडांवर फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट झाक येते. एक-दोन थांबे मिटवल्यावर ती बरीच कमी होते आणि बहुतेक जुन्या टेलिफोटो एफ/५.६ ते एफ/८ ला सर्वांत धारदार असतात. एफ/१६ च्या पुढे विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) चित्र पुन्हा मऊ पडते.

५०० मिमी एफ/८ च्या आरशांच्या लेन्सचा स्वभाव वेगळा असतो. त्यांत रंगीत झाक जवळपास नसते, पण अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, कॉन्ट्रास्ट कमी असतो आणि पार्श्वभूमीतले प्रकाशबिंदू कड्यांसारखे दिसतात. त्यांच्या मागे बसवलेला फिल्टर अनेकदा मूळ रचनेचाच भाग असतो, तो काढून टाकू नये.

नोंद आणि साठवण

फाइलमध्ये अ‍ॅपर्चर आणि फोकल लांबीच्या जागी शून्य किंवा रिकामी नोंद राहते. लेन्स बदलली की आधी तिच्या रिंगचे एक चित्र मोबाइलने काढून ठेवावे. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने ही माहिती नंतर फाइलमध्ये भरता येते. रॉ फाइलवर काम करताना काळा बिंदू थोडा खाली ओढला आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की जुन्या काचेचे रंग बहुतेक वेळा पुरेसे उठून येतात.

लेन्ससोबत आलेली जुनी चामड्याची पेटी दिसायला कितीही देखणी असली तरी तिच्यात लेन्स ठेवू नये. चामडे ओल धरते आणि बुरशीला तेच हवे असते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. बुरशी असलेली लेन्स साफ होईपर्यंत वेगळ्या डब्यात ठेवावी, आणि चांगल्या लेन्सही महिन्यातून एकदा बाहेर काढून फोकस रिंग टोकापासून टोकापर्यंत दोन-चार वेळा फिरवावी.